नदी होती तिथं हरभरा

नदीपलीकडच्या राहू गावाच्या बाजूनं वारा आला की गुळाचा वास येतो. गुऱ्हाळं तिकडं आहेत. इकडून तिकडं कसला वास जातो, कोणी विचारलेलं नाही.

अक्षवृत्तं आडवी, रेखावृत्तं उभी. दोन्ही काल्पनिक.

मागच्या वर्षी पलीकडं दौंडच्या उसात दिसलेला बिबट्या आठवड्यानं शिरूरच्या उसात दिसला. वन खात्याचा माणूस म्हणाला, पोहत आला असंल.

जळालेली मोटार भरून देणारा मेकॅनिक बिहारचा आहे. गाव कुठं म्हणून विचारलं की सांगतो, "गाँव तो गंगाजी में है." आधी काठावर होतं.

पलीकडच्या आक्काला दिवाळीत साडी. यंदा निळी.

नदी वळते तिथं बाहेरच्या काठाची झीज होते आणि आतल्या काठाला भर पडते. पुस्तकात आकृती आहे. आकृतीत बाण आहेत, माणसं नाहीत.


झीज

ऑगस्टात देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं. वरच्या धरणांतून पाणी सोडलंय, नदीवरच्या मोटारी काढून घ्या.

जयसिंग गोठ्यात शेण ओढत होता. त्यानं फावडं भिंतीला टेकवलं. सुलक्षणानं तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला आणि नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवला. त्यांची मुलगी वैष्णवी ओट्यावर बसून तलाठी भरतीचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. मोठ्यानं वाचलं की लक्षात राहतं असं तिचं म्हणणं. शेजारी तिची आजी, विठाबाई, लसूण सोलत ऐकत होती. पृथ्वीच्या पोटात काय काय आहे ते तिनं ऐकून घेतलं होतं.

थडीचं रान घरापासून खाली, अगदी भीमेच्या काठाला. नदी तिथं कोपर मोडल्यासारखी वळते आणि वळताना शिरूरच्या अंगाला आत घुसते. वरचं रान मुरमाड. त्यात बाजरी आली तर आली. घर चालायचं ते थडीच्या काळ्या रानावर, त्यातल्या उसावर. आधी ते दीड एकर होतं. आता एकर भरलं असतं की नाही, कोणी मोजलं नव्हतं.

मोटार पूर्वी काठावरच्या बाभळीला दोरानं बांधलेली असायची. काठाला बाभळी होत्या, करंज होते, खाली वाळ्याची बेटं होती. दोन वर्षांपूर्वी जयसिंगनं जेसीबी लावून ते सगळं काढलं. आणखी दोन सऱ्या बसल्या. सऱ्या बसल्या तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांनी येऊन पाहिलं आणि आपापल्या काठाची झाडं काढली. आता मोटार लोखंडी पहारीला बांधलेली होती.

शेजारचा माऊली ट्रॅक्टर घेऊन आला. पाणी गढूळ झालं होतं आणि वर चढत होतं, पण आवाज करत नव्हतं. जयसिंग कमरेइतक्या पाण्यात उतरला, चाचपडत मोटारीच्या कडीत हूक अडकवला.

"वड रं."

माऊलीनं ट्रॅक्टर पुढं घेतला. दोर ताणला. सुलक्षणा वर उभी राहून पाईप मोकळा करत होती. तिला पायाखाली भेग दिसली. भेग सरीच्या मधून, आडवी, लांब गेलेली होती. तिनं पाय उचलून पलीकडं ठेवला.

"वर या," ती म्हणाली.

"मोटार निघू दे की."

"वर या म्हणते ना."

मोटार चिखलातून सुटली, काठावर आली. जयसिंग तिच्या मागोमाग गुडघ्यांवर चढला. त्याच्या दोन्ही तळहातांची दोरानं सालं काढली होती. तो उभा राहतो न राहतो तोच भेगेपलीकडचा काठ खाली बसला. धाडकन पडला नाही. म्हशीनं पाण्यात बसावं तसा बसला. त्याच्यावरचा ऊस उभाच्या उभा खाली उतरला, थोडं अंतर तसाच उभा वाहत गेला आणि मग आडवा झाला.

तिघं बघत राहिले.

"जयसिंगराव," माऊली म्हणाला, "तोडणीची टोळी यायच्या आत ऊस निघाला की तुमचा. कोयता बी लागला न्हाई."

कोणी हसलं नाही. माऊली स्वतःच थोडा हसला, मग दोर गुंडाळायला लागला.

घरी आल्यावर सुलक्षणानं तवा परत ठेवला. विठाबाईनं विचारलं, "किती गेलं?"

"झाडं हुती तिथलं समदं गेलं. आन् आतलं बी," सुलक्षणा म्हणाली.

विठाबाईनं लसणाची सालं पदरातून झटकली. वैष्णवीनं आवाज कमी केला, पण वाचन चालू ठेवलं. त्या रात्री जयसिंगला चमचा धरता येईना म्हणून त्यानं भात नको म्हटलं. भाकरी कुस्करून दिली तर ती त्यानं खाल्ली.


अंतर

समोरच्या काठावर आक्का राहते. जयसिंगची थोरली बहीण ज्ञानेश्वरी. नदी उतरलेली असली आणि वारा पडलेला असला की तिनं गड्याला मारलेली हाक इकडं ऐकू येते. रस्त्यानं जायचं तर पारगावच्या पुलावरून वळसा, गाडीवर तासभर. पायी जायचं तर खालच्या बंधाऱ्यावरून. बंधाऱ्याला कठडा नाही.

वडील, आबा, गेले त्या वर्षी ती पुलावरून आली आणि शिरूरला जाऊन तिनं जमिनीची हक्कसोड करून दिली. गावात सगळ्याच बहिणी देतात. तिनं काही विचारलं नाही. सही झाल्यावर जयसिंगनं तिला रसवंतीत बसवून उसाचा रस पाजला. तिनं बर्फ नको म्हटलं.


पूर उतरला. जयसिंग आणि सुलक्षणा कामाला लागले. खताच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम भरायचा, सुतळीनं तोंड शिवायचं, गोणी पाठीवर घेऊन काठापर्यंत जायचं आणि उतरत्या काठाला रचायची. सुलक्षणा शिवायची, जयसिंग वाहायचा. दुपारी दोघं उलट करायची, कारण वाकून वाकून तिची कंबर धरायची. मुरूम मानेवरून शर्टात जायचा. संध्याकाळी आंघोळीचं पाणी तांबडं व्हायचं.

"ह्येनं थांबंल का?" तिनं एकदा विचारलं.

"मग काय करू?"

तिनं पुढची गोणी शिवायला घेतली.

समोर, नदीच्या पोटाच्या बाजूला, पाणी उतरेल तशी मळई वर येत होती. पुरानं आणून टाकलेला गाळ. आधी म्हशीच्या पाठीसारखी दिसली, मग पसरली, मग वाळून तिला भेगा पडल्या. आक्काच्या बांधाला लागून, दरवर्षीपेक्षा मोठी. तिचा नवरा सोपानराव काठी टेकत मळईवरून चालून गेला तेव्हा त्याचा पाय घोट्याच्या वर बुडाला नाही. जयसिंग गोणी पाठीवर घेऊन बघत उभा राहिला.

"आपली माती हाय ती," तो म्हणाला.

"चला," सुलक्षणा म्हणाली. "उन्हं वर यायलीत."


सीमा

मोजणीचा माणूस ऑक्टोबरात आला. तरुण होता, पांढरे बूट घालून आला होता. काठीवर बसवलेलं यंत्र आणि हातात टॅब. जयसिंगनं तातडीची मोजणी मागितली होती. गावचे चार जण आणि माऊली बघायला आले.

मोजणीवाला टॅबकडं बघत चालत राहिला. उसातून गेला, गोण्यांपर्यंत गेला, तिथं थांबला.

"तुमची हद्द अजून पुढं आहे."

"किती फुडं?"

त्यानं पाण्याकडं बोट केलं. नदीच्या मधोमध एक बगळा उभा होता, उथळावर. "तो पक्षी आहे ना, त्याच्याही थोडं पलीकडं."

"म्हंजी रान हाय."

"नकाशात आहे."

"आन् ती मळई?"

मोजणीवाल्यानं टॅब दोन बोटांनी मोठा केला, सरकवला. त्याला घाम आला होता. "ती जुनी नदी आहे. म्हणजे बघा, तुमचं रान नदीत आहे आणि नदी त्यांच्या रानात आहे."

"तालुक्याची शिव नदीच्या मधनं जाती," जयसिंग म्हणाला. हे त्यानं घरून ठरवून आणलं होतं. वैष्णवीला त्यानं दोनदा विचारून घेतलं होतं. "जुन्या नदीच्या मधनं. म्हंजी निम्मी मळई शिरूरची झाली. बराबर?"

"तसं म्हणता येईल."

"मग झालं तर."

"शिरूरची असेल काका. तुमची नाही. नदीचं पात्र कुणाचंच नसतं."

माऊली पुढं झाला. "सायेब, मग हद्दीचा दगड कुठं रवायचा?"

"दगड पाण्यात कसा रोवणार?"

"बगळ्याच्या गळ्यात बांधा," माऊली म्हणाला. या वेळी सगळे हसले. मोजणीवालाही हसला. जयसिंगनं हसल्यासारखं तोंड केलं आणि मोजणीवाल्याच्या बुटांकडं पाहिलं. ते चिखलानं भरले होते. त्यानं त्याला पाय धुवायला तांब्याभर पाणी आणून दिलं. मोजणीवाल्यानं एकेक पाय पुढं केला आणि जयसिंगनं वाकून पाणी ओतलं.


भर

दिवाळीच्या आधी जयसिंग पुलावरून पलीकडं गेला. साडी घेऊन गेला नाही. साडी भाऊबीजेला द्यायची असते.

आक्का मळईवरच होती. गाळ नांगरावा लागत नाही. ओल असते तोवर बी टोकून दिलं की येतं. ती आणि तीन बायका ओळीनं उकिडव्या बसून हरभरा टोकत होत्या. बोटानं भोक, दोन दाणे, अंगठ्यानं माती. सोपानराव बांधावर बसून तंबाखू मळत होता.

"या पाव्हणं," तो म्हणाला. "पुलावरनं आलाव? बंधाऱ्यावरनं चार पावलं हुती."

"दाजी, आक्काशी बोलायचं हाय."

"बोला की. म्या काय कान झाकू?"

ज्ञानेश्वरीनं मान वर केली नाही. "जया, पायाखाली बघ. टोकलंय तिथं उभा हायेस."

तो सरकला. मळईत ठिबकची काळी नळी अर्धी गाडलेली होती, तिच्यावर पिवळा पट्टा होता. त्यानं ती ओळखली.

"ती तुझीच आसंल," आक्का म्हणाली. "लै निघाल्या. गुंडाळून ठिवल्यात, जाताना ने."

"आक्का, ही माती थडीची हाय."

"आसंल."

"निम्मी मळई माझी हुती. मोजणी केलीया म्या."

बायकांचे हात थांबले. सोपानरावानं तंबाखू ओठाखाली ठेवली. "पाव्हणं, जिनं आणून टाकली तिला जाऊन इचारा. हितनंच वाहातिया."

"तुम्हाला न्हाई बोललो दाजी."

"मग मला बोल," ज्ञानेश्वरी म्हणाली. ती उठली. गुडघे धरून, एक हात कमरेवर ठेवून उठली. साठीच्या जवळ आली होती. "करंज कोनी काढलं?"

जयसिंगनं पायानं नळीवरची माती सारली.

"मी हितनं बघत हुते. दिसभर जेसीबीचा आवाज. ह्यांना म्हनलं, जया काठ उघडा करतुय. हे म्हनलं, आपल्याला काय. मी हाक मारली तुला. दोनदा मारली."

"आयकली न्हाई."

"आयकली. हात वर केलास की."

त्याला आठवत नव्हतं. केलाही असेल. जेसीबीच्या आवाजात माणूस हात वर करतो.

"मी सही दिली तवा काय मागितलं तुझ्याकडं?"

"काय न्हाई."

"मग आता तू काय मागतुयास?" तिनं हातातले हरभरे ओटीत टाकले. आवाज चढलेला नव्हता. "मागू नगं. पायजे तर वाट्यानं कर. मला आता उकिडवं बसवत न्हाई. वरल्या अंगची पट्टी कर, तिसरा हिस्सा मला ठिव आन् बाकीचा ने."

"बहिणीच्या रानात वाट्यानं?"

"रान कुठलंय? गाळ हाय."

सोपानराव हसला. त्याच्या हसण्यावर बायकाही हसल्या. जयसिंगनं गाडीला किक मारली. नळ्यांचं गुंडाळं आक्काच्या गड्यानं हँडलला अडकवून दिलं होतं. पुलावर ते सुटलं म्हणून त्याला थांबून पुन्हा बांधावं लागलं. मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली.


स्थलांतर

भाऊबीज झाल्यावर सुलक्षणा पलीकडं जाऊ लागली.

तिनं कोणाला विचारलं नाही. सकाळी भाकरी बांधल्या, शर्ट चढवला, खुरपं घेतलं. विठाबाई दारात बसली होती.

"कुठं?"

"वन्संच्या मळईत. हरभऱ्यात तण झालंय."

विठाबाईनं तिच्या हातातल्या खुरप्याकडं पाहिलं. "लेकीच्या रानात सून खुरपायला," ती म्हणाली. "जा. बंधाऱ्यावर शेवाळ आसतंय, चप्पल काढ."

जयसिंग गोठ्यातून ऐकत होता. संध्याकाळी त्यानं विचारलं, "काय ठरलं?"

"कशाचं?"

"रोज का वाटा?"

"काय न्हाई ठरलं. काम हाय, करते." तिनं ओंजळभर कोवळा हरभऱ्याचा पाला परातीत टाकला. खुडणीचा होता. त्या रात्री त्याची भाजी झाली. जयसिंगनं ती ताटाच्या कडेला सारली. वैष्णवीनं त्याच्या ताटातली उचलून खाल्ली.

"पप्पा, चांगली झालीया."

"खा की मग."

तो दिवसा काठावर असायचा. गोण्या आता एकट्यानं भरायच्या, एकट्यानं शिवायच्या. सुई बोटात जायची. मान वर केली की समोर मळई दिसायची, हिरवी, ओळी धरलेली. तिच्यावर दोन बायका. दोघींच्या अंगात पुरुषी शर्ट, दोघींच्या डोक्याला टॉवेल. इतक्या लांबून कोण बहीण आणि कोण बायको ते कळायचं नाही. एक उठली की दुसरीही कंबर धरून उठायची. मग तो खाली बघायचा.


मग बंधाऱ्याला ढापे घातले. ढापे म्हणजे लोखंडी फळ्या. पावसाळा संपला की त्या बसवून पाणी अडवतात, उन्हाळ्याची सोय म्हणून. सगळ्या गावाला ते हवं असतं. जयसिंगलाही हवं असायचं. पाणी फुगत मागं आलं. मळईच्या कडेला टेकलं आणि थांबलं. शिरूरच्या बाजूला ते थडीच्या पायथ्याशी आलं, गोण्यांच्या खाली शिरलं आणि उभं राहिलं.

आठवडाभर काही झालं नाही. पाणी हिरवं, शांत. गोण्या फुगल्या. एका दुपारी जयसिंग बांधावर भाकरी खात होता आणि गोण्यांची सगळ्यात खालची ओळ पुढं सरकली. मग वरची. मग काठ. मोटारीची पत्र्याची खोली तिरकी झाली, तिच्यातला स्टार्टर आतल्या आत कशावर तरी आपटला आणि खोली पाण्यात गेली. त्यामागोमाग ऊस. आता उरली ती एक पट्टी, रुंद बांधासारखी. तिच्यावर बैल फिरला नसता.

जयसिंगच्या हातात भाकरीचा तुकडा होता. त्यानं तो खाल्ला. पाणी प्याला. पहार उपटून काढली, कारण ती राहिली असती तर गेली असती.

माऊली धावत आला. काठाकडं बघून त्यानं टोपी काढली. म्हणाला ते एवढंच, "स्टार्टर गेला का?"

"गेला."

"चा घ्यायचा का?"

"नगं."

घरी कळलं. विठाबाईनं विचारलं नाही किती गेलं. वैष्णवीचं पुस्तक मिटलेलं होतं. सुलक्षणा आली, तिनं पाय धुतले, कोपऱ्यात ठेवलेली पहार पाहिली आणि चूल पेटवायला गेली. गॅस संपला होता.


दुसऱ्या दिवशी जयसिंग तिच्या मागं निघाला. ती चालली की तो चालायचा. ती बंधाऱ्यावर चप्पल काढायला थांबली. त्यानंही काढली. बंधारा थंड होता. एका अंगाला तुंबलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला उघडे खडक. तो मधोमध चालला. मध्ये कुठंतरी तालुका बदलला.

मळईवर बायका आल्या होत्या. ज्ञानेश्वरी ओळीत बसलेली होती. सोपानराव बांधावर.

"आज जोडीनं," सोपानराव म्हणाला. "बसा पाव्हणं, सतरंजी टाकू का?"

"खुरपं द्या," जयसिंग म्हणाला.

"देतो की. पण एकदा ठरवून सांगा. रोजानं का वाट्यानं? मागनं मोजणी नगं. ह्या चौघींच्या समोर सांगा."

जयसिंगनं बायकांकडं पाहिलं. त्या तण उपटत होत्या. सुलक्षणा त्याच्याकडं बघत नव्हती. तिनं तिची ओळ धरली होती आणि दोन हात पुढं गेली होती.

"वाट्यानं," तो म्हणाला.

"वाऱ्यानं आयकू आलं न्हाई."

"आयकलंय समद्यांनी," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तुम्ही बांधावरनं उठा, तिथं माझी भाकर हाय." तिनं स्वतःच्या हातातलं खुरपं मुठीकडून पुढं केलं. जयसिंगनं ते घेतलं. मूठ ओली होती. आक्का बुडावरच सरकत एका बाजूला झाली आणि तिच्या ओळीत जागा झाली.

तो उकिडवा बसला. माती मऊ होती, दाबली की बोटांच्या खुणा राहत होत्या. त्यानं पहिलं तण मुळासकट काढलं, झटकलं, मागं टाकलं. मग दुसरं. आक्का शेजारी हातानंच उपटत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"मुळाजवळ नगं खंदू," ती म्हणाली. "हलकं धर."

"व्हय."

समोर शिरूरचा काठ दिसत होता. इकडून तो बराच उंच दिसतो. वर उसाची एक ओळ उभी होती, तिच्यामागं घराचा पत्रा, पत्र्यावर ऊन. दारात कोणीतरी बसलं होतं. आई असेल. तिला इतक्या लांबचं दिसत नाही.

त्यानं ओळ पुढं नेली.

थडीचं रान आबांनी विकत घेतलेलं नव्हतं, वाडवडिलांकडूनही आलेलं नव्हतं. ज्ञानेश्वरी जन्मली त्या पावसाळ्यात दौंडच्या बाजूचा काठ तुटला आणि पुरानं ते शिरूरच्या अंगाला आणून लावलं.